गुलाबी गोळीची ओळ

"हां काकू, आधी ओळी म्हणून दाखवा, मग रिपोर्टचं सांगतो."

मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. फोन बायकोचा. ती पडद्यांचं माप घेऊन खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीकडे गेली होती आणि जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन वाजत राहिला, म्हणून मी उचलला. सव्वाचार वाजले होते. त्या आवाजात हसू होतं, आणि ते आत्ता सुचलेलं हसू नव्हतं. ठरलेल्या पाहुण्यासाठी खुर्ची पुसून ठेवावी तसं ते आधीपासून तयार होतं.

"कसल्या ओळी?" मी विचारलं.

"अरे, काका होय! नमस्कार. काकू नाहीत का?" हसू आत गेलं, कामाचा आवाज बाहेर आला. "बरं झालं तुम्ही उचललात. जरा नीट ऐका. काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. रक्त पाहिजे त्यापेक्षा फारच पातळ झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, ती संध्याकाळची गुलाबी गोळी आज द्यायची नाही, उद्याही नाही. परवापासून अर्धी. शुक्रवारी पुन्हा रक्त तपासायचं. आणि कुठून रक्त आलं, डोकं फार दुखलं, तर वाट बघायची नाही, लगेच इकडे. लक्षात राहील ना? एकदा मला परत म्हणून दाखवता का, काका?"

"मला काय पहिलीतलं पोर समजलात?"

"तसं नाही हो, आम्ही सगळ्यांनाच म्हणायला लावतो. कानाने ऐकलेलं तोंडातून निघालं की—"

मी फोन ठेवला. ठेवला आणि लिहून घेतलं. चौतीस वर्षं बसखात्याच्या वेळापत्रक विभागात काढली. फोनवर आलेला निरोप वेळेसकट कागदावर उतरल्याशिवाय माझा हात सुटत नाही. "१६.१५. गुलाबी आज नाही, उद्या नाही. परवा अर्धी. शुक्रवारी रक्त." खाली रेघ मारली. मग त्या चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती चष्म्याच्या घरात ठेवली. ठेवली म्हणजे लपवली असं थोडंच आहे, असं मी स्वतःशी म्हटलं. ती वर येईल, पाणी पिईल, मी सांगेन. पण कान तिकडे नव्हतेच. कानात एकच गोष्ट अडकून बसली होती, माशाचा काटा घशात अडकावा तशी: आधी ओळी म्हणा. म्हणजे ही बाई त्याला ओळी म्हणून दाखवते. कुठल्या ओळी? कधीपासून?

मी त्याला पुडीवाला म्हणतो. तोंडावर नाही, घरात. आठ महिन्यांपूर्वी तिच्या काळजाचा ठेका चुकला. म्हणजे झालं एवढंच की जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, आत कोणीतरी दार वाजवतंय आणि पळून जातंय." मग दवाखाना, छातीला चिकटवलेल्या तारा, आणि घरी येताना कागदी पिशवीभर गोळ्या. तिथे औषधांच्या खिडकीशेजारी एक चिंचोळी खोली आहे, दारावर "औषधांविषयी विचारा" अशी पाटी. आत दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर पुठ्ठ्याला चिकटवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि पांढरा डगला घातलेला हा पस्तिशीचा माणूस. अंगाने किडकिडीत, केस कानावर आलेले, पण ऐकताना मान अशी कलती करतो की समोरच्याला वाटावं, जगात आत्ता दुसरं काही चाललेलंच नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काका, पाच मिनिटं बाहेर बसता का? काकूंना काही विचारायचंय." मी बाहेर बाकावर बसलो. पाच मिनिटांची बावीस झाली. घड्याळ माझ्या हातात होतं, मी मोजली. तेराव्या मिनिटाला आतून हसण्याचा आवाज आला. तिचा. तो आवाज मी ओळखला, पण कसा, तर जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र ओळखावं तसा. हे हसू कधीकाळी आपल्या घरी यायचं खरं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय विचारत होता एवढं? "काही नाही हो, झोप लागते का, उठताना गरगरतं का, तोंडाला चव आहे का, पोट साफ होतं का, गोळ्यांची भीती वाटते का." आणि ती त्याला म्हणाली होती, हो, उठताना गरगरतं. हो, भीती वाटते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी काय विचारत नव्हतो? रोज विचारत होतो, "बरं वाटतंय ना?" आणि ती रोज "हो" म्हणत होती. माझ्या प्रश्नाच्या शेपटीला उत्तर बांधूनच असायचं, तिने नुसतं सोडून द्यायचं. हे मला आज कळतंय. तेव्हा एवढंच कळलं की चाळीस वर्षांचा सहवास एका पारड्यात आणि बावीस मिनिटं दुसऱ्यात, आणि काटा तिकडे झुकलाय.

मी हार मानणाऱ्यातला नव्हे. घरी येऊन तक्ता केला. पट्टी घेतली, लाल आणि निळी शाई घेतली, उभे सात रकाने, आडवे तीन, प्रत्येक गोळीला क्रमांक, प्रत्येक चौकोनात खूण करायला जागा. असला तक्ता खात्यात लावला असता तर साहेबांनी पाठ थोपटली असती. हजारो माणसं माझ्या तक्त्यांवर सकाळी घराबाहेर पडली आणि संध्याकाळी परत आली. कोणाला माझं नाव माहीत नव्हतं, पण माझी मिनिटं त्यांच्या पायांना माहीत होती. तक्ता मी स्वयंपाकघरात लावला. तिने पाहिला, म्हणाली, "किती छान आखलाय." आठवडाभर खुणा केल्या. दुसऱ्या आठवड्यात पांढरी दोनदा घेतली आणि पिवळी चुकवली, कारण खूण करून आली आणि गोळी घ्यायची राहिली, किंवा गोळी घेतली आणि खूण करायची राहिली. "मला चौकोनांचं काही कळत नाही हो," ती म्हणाली, "सगळे सारखेच दिसतात, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखे." मी ओरडलो. मग ती पुडीवाल्याकडे गेली, एकटीच गेली, आणि त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. कशी चुकली नाही ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. महिन्याने पिठाचा डबा उचलला तर खाली तक्ता. डब्याचा गोल डाग लाल आणि निळ्या रकान्यांवरून बरोब्बर बुधवारवर बसला होता.

मत्सर हे ओलं लाकूड. धड पेटत नाही, धड विझत नाही, नुसतं डोळ्यांत पाणी आणतं. हे काही तरुणपणचं प्रकरण नव्हे हे मला कळत होतं. त्रेसष्ट वर्षांची बाई आणि तिला काकू म्हणणारा माणूस, त्यात कसलं काय! पण मला तसलं भय नव्हतंच. मला राग होता तो तिच्या ऐकण्याचा. त्याने सांगितलं की गोळीबरोबर पूर्ण पेला पाणी, तर पूर्ण पेला. त्याने सांगितलं की विचारल्याशिवाय दुखण्यावरची दुसरी गोळी घ्यायची नाही, तर गुडघा ठणकत असताना रात्रभर तशीच पडून राहिली, मी देऊ केलेली घेतली नाही. "त्यांना विचारून घेते," म्हणाली. माझ्या हातातल्या गोळीकडे तिने असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाने देऊ केलेल्या खाऊकडे शहाणं पोर पाहतं. आणि तो बरोबर होता, ती बरोबर होती, हेच तर अंगाची आग करणारं. माणूस चुकीचा असला तर त्याचा द्वेष करायला जागा तरी मिळते.

आणि आता ओळी. ओळी हा शब्द आमच्या घरात अडतीस वर्षं कोणी उच्चारला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती कपड्यांच्या घड्या घालता घालता गुणगुणायची. शब्द तिचेच. तिच्या आईची आई अशा ओळी जुळवायची म्हणे, हात चालले की तोंड चाले. हिच्याही ओळी हाताबरोबर यायच्या, सदऱ्याची बाही घडीत गेली की यमक आलंच. एकदा मी दारात उभा राहून ऐकली:

*कचेरीचा माझा धनी, खिशात ठेवी घड्याळ गं,*
*वेळेआधी घरी येतो, माझी चुकते वेळ गं.*

मी खूश झालो. इतका खूश की दुसऱ्या दिवशी कचेरीत टेबलावर हात मारत म्हणून दाखवली. सगळे हसले, मीही हसलो, "आमच्याकडे कवयित्री आहेत बरं का," असं म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्याने ती घरी नेली. पंधरवड्याने त्याच्या बायकोने बाजारात भर रस्त्यात हिला गाठून म्हणून दाखवली आणि विचारलं, "काय हो, अजून चुकते का वेळ?" ती घरी आली, भाजी ठेवली. त्या दिवसापासून घड्या मुक्याने पडू लागल्या. मी एकदोनदा म्हटलं, "अगं, म्हण की काहीतरी." ती म्हणाली, "आटलं ते." मला वाटलं, खरंच आटलं असेल. माणसाचं काहीही आटतं.

आटलं नव्हतं तर. वळवलं होतं पाणी. दुसऱ्याच्या रानाला.

पावणेपाचला जिन्यात तिची पावलं वाजली. मधल्या पायरीवर थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. मला त्या थांबण्याचेही सेकंद पाठ आहेत.

"फोन वाजला का हो माझा? खाली मला भास झाला."

हाच तो क्षण होता. रूळ बदलण्याची जागा असते तसा. मी म्हटलं, "कोण करणार तुला फोन?"

"दवाखान्यातून येणार होता. रिपोर्टचा."

"येईल की. त्याला काय, वेळेचं बंधन थोडंच आहे."

ती पाणी प्यायली. मी तिच्या गळ्याकडे पाहत होतो, घोट उतरताना दिसणाऱ्या त्या हालचालीकडे. मग विचारलं, सहज विचारल्यासारखं, पण माझं सहज तिला चांगलंच ओळखू येतं, "तू हल्ली ओळी जुळवतेस का गं?"

पेला तोंडाशी थांबला. "कसल्या ओळी?"

"त्याच. जुन्या."

"छे! काहीतरीच तुमचं. या वयात?" आणि ती हसली, पण डोळे माझ्यावर न ठेवता पेल्यात ठेवून हसली.

ती खोटं बोलली. तिने एक शब्द खरा बोलला असता तर चिठ्ठी चष्म्याच्या घरातून बाहेर आली असती, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. त्याने काही हलकं झालं नाही. त्या वेळी मनात एवढंच आलं की बरं, तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. तुझ्या ओळी, माझी चिठ्ठी. फिट्टंफाट.

सहा वाजता मी खिडकीत असतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी. समोरच्या वळणावरून सहाची बस येते, ती बस मी बसवली होती: चार वर्षं भांडून, मोजणी करून, शेवटच्या थांब्यावरच्या कापडगिरणीची पाळी सुटते त्या हिशेबाने. ती वेळेवर येते की नाही हे मी घड्याळ लावून पाहतो. कोणाला सांगायचं नसतं, कुठे लिहायचं नसतं. लेकरू मोठं होऊन परगावी गेलं तरी आई दारात उभी राहते, तसलं काहीतरी. माझी पाठ घराकडे असते. आणि नेमकं त्याच वेळी, पाठीमागे, डबीचं झाकण टक्कन उघडतं, पाणी ओतलं जातं, आणि थोड्या वेळाने रिकामा पेला टेबलावर टेकतो. आठ महिने हे मी ऐकत आलो होतो आणि मला वाटत आलं होतं की ती मुद्दाम माझी पाठ फिरल्यावर गोळी घेते. माझ्यासमोर नको म्हणून. त्याचं-तिचं काही आहे त्यात मी नको म्हणून.

त्या संध्याकाळीही मी उभा होतो. बस दोन मिनिटं उशिरा होती. झाकण उघडलं. चष्म्याचं घर माझ्या खिशात होतं आणि मांडीला लागत होतं. एवढं वळायचं, एवढं म्हणायचं, अगं थांब. दोन शब्द. पाणी ओतल्याचा आवाज झाला. बस वळणावर आली, तिचं तोंड दिसलं, वरची पाटी दिसली. मी पाटी वाचत राहिलो, जणू ती मी पहिल्यांदाच वाचत होतो. एक गोळी, मनात म्हटलं. एका गोळीने काय होतंय? काल घेतली, परवा घेतली. उद्या सकाळी सांगू. पेला टेबलावर टेकला. फार हलका आवाज असतो तो. मी चौतीस वर्षं मोठमोठ्या गाड्यांचे आवाज ऐकलेत, पण अजून कानात राहिलेला तो एकच.

सकाळी तिने मला हाक मारली नाही. मी दात घासायला गेलो तर ती मोरीपाशी वाकलेली, आणि फेस गुलाबी. गोळीइतकाच गुलाबी. ती चूळ भरायची, थुंकायची, पुन्हा पाहायची. "हिरडी दुखावली वाटतं," म्हणाली, आणि पदर वर ओढताना हात पुढे आला तेव्हा मनगटाच्या वर मला जांभळं दिसलं, तळहाताएवढं, कडेला लालसर. "हे कशाने?"

"शिवणवालीच्या दाराची कडी लागली काल. एवढीशी तर लागली."

मी चष्म्याचं घर उघडलं. चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ओल्या बोटांनी घड्या उलगडल्या. माझी शाई तिच्या अंगठ्याखाली फुटली.

"सव्वाचारला," ती म्हणाली.

"हो."

"काल."

"हो."

ती मोरीच्या कडेला ठेवलेल्या स्टुलावर बसली. तोंड पुसलं. टॉवेलवर ठिपका उमटला तो तिने आतल्या बाजूला दुमडला, अजूनही मला दिसू नये म्हणून. "सहाला तुम्ही खिडकीत होतात."

"होतो."

"हं," ती म्हणाली. त्या "हं"मध्ये राग असता तर मी धरून उभा राहिलो असतो. राग नव्हता. अंगणात कोणी येऊन गेल्याची पावलं दिसावीत आणि माणूस ओळखू येऊ नये, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग म्हणाली, "चला. वाट बघायची नाही असं लिहिलंय ना तुम्ही?"

लिहिलं नव्हतं. चिठ्ठीत ते नव्हतंच. तिला ते आधीपासून पाठ होतं.

दवाखान्यात रक्त घेतलं, सुई टोचलेल्या जागी बराच वेळ कापूस दाबून धरावा लागला. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिलं, डोकं दुखतं का विचारलं, एक इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत झोपवून ठेवलं आणि मग म्हणाले, थोडक्यात निभावलं, तीन दिवस गुलाबी बंद, शनिवारी पुन्हा रक्त, ते ठीक आलं तर अर्धी; आता औषधांच्या खोलीत जाऊन नीट समजून घ्या. मी सवयीने बाहेरच्या बाकाकडे वळलो. पुडीवाला दारात आला होता. "काका, आज तुम्हीही आत या," तो म्हणाला. तिसरी खुर्ची त्याने कुठूनतरी ओढून आणली होती.

त्याने फाईल उघडली. "काल मी फोन केला होता," तो कोणाकडेच न बघता म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "यांनी सांगितलं होतं मला. लगेच सांगितलं. माझ्याच डोक्यातून गेलं, हात सवयीने डबीकडे गेला."

किती सरळ बोलली. काल पेल्यात बघून खोटं बोलली होती, आज त्याच्या डोळ्यांत बघून. आणि माझ्या मेल्या मनाला त्यातही डंख बसला, की बघा, त्याच्याशी खोटं बोलायलासुद्धा तिला नजर चोरावी लागत नाही.

"काकू, तुम्ही आणि विसरलात?" तो म्हणाला. मग पेन घेऊन लिहू लागला. मला उलटं वाचायची सवय आहे; खात्यात साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून राहून येते. तो लिहीत होता: सूचना मिळाली होती, रुग्ण विसरल्या. ते वाक्य पूर्ण होताना मी पाहिलं, आणि माझ्या आत जे काही होतं, भीती, लाज, तो ओला धूर, त्या सगळ्याच्या तळाशी एक जुना कारकून बसलेला होता, तो उठला.

"तसं लिहू नका," मी म्हणालो. "नोंद चुकीची आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"निरोप मी घेतला. सव्वाचारला. मी तिला सांगितला नाही. विसरलो नव्हतो. सांगितला नाही."

का म्हणून त्याने विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी भांडलो असतो. त्याने ओळ खोडली आणि वर लिहिलं: सूचना रुग्णापर्यंत पोचली नाही. मग फाईल बाजूला सारून म्हणाला, "ठीक आहे. आता पुढचं. काकू, ओळी म्हणा. गुलाबीची शेवटी घ्या, तिचंच बघायचंय."

ती माझ्याकडे बघेना. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "यांच्यासमोर नको," म्हणाली.

"का हो? यांच्याच तर आहेत."

मला काही समजलं नाही. मग तिने हातातला रुमाल मांडीवर पसरला, त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आणि घडीबरोबर आवाज आला, बारीक, चिरकलेला, अडतीस वर्षं बंद पेटीत ठेवलेल्या रेशमाला यावा तसा पिवळट वासाचा.

*पेपर घेऊन बसे धनी, चष्मा शोधी घरभर,*
*पांढऱ्या गं गोळीबाई, चला उतरा भरभर.*

*दुपारच्या जेवणानंतर, घोरण्याचा लागे सूर,*
*पिवळ्या गं गोळीबाई, आता नका राहू दूर.*

*सहाची ती बस येते, माझा शिपाई खिडकीत उभा,*
*गुलाबी गं गोळीबाई, तुला आत यायची मुभा.*

पुडीवाल्याचे ओठ हलत होते. आवाज न करता तो तिच्याबरोबर म्हणत होता. त्याला सगळ्या पाठ होत्या. मी माझ्या पायांकडे पाहत होतो.

"तक्ता काही जमेना, तेव्हा मी काकूंना विचारलं होतं," तो मला समजावत होता, "घरात असं काय आहे जे रोज न चुकता त्याच वेळी होतं? काहीही. नळ येणं, घंटा वाजणं. त्याला गोळी बांधून टाकायची, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. काकू म्हणाल्या, आमच्याकडे न चुकणारी एकच गोष्ट आहे."

तिने रुमाल पिशवीत टाकला. "म्हटलं तर कचेरीत सांगाल," ती मला म्हणाली. कचेरी सुटून सहा वर्षं झाली होती.

"तर काकू," तो म्हणाला, "तीन दिवस गुलाबीची ओळ म्हणायचीच नाही. शनिवारी मी फोन करीन. आणि काका, आता तुम्ही. मला परत म्हणून दाखवा."

मी म्हटलं. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. शनिवारी रक्त. फोन आल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. कुठून रक्त आलं, डोकं दुखलं, पडली, तर वाट बघायची नाही. पहिलीतल्या पोरासारखं, हात मांडीवर ठेवून. "परत एकदा," तो म्हणाला. मी परत एकदा म्हटलं. त्याने मान कलती करून ऐकलं, आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाही राग आला.

ते तीन दिवस ती माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, खालून शिवून आलेले पडदे लावायला मला स्टुलावर चढवत होती, "डावीकडे, अहो तुमचं डावं कुठलं?" असंही म्हणत होती. पण सहा वाजता घरात काही होत नसे. मी खिडकीत उभा राही. बस येई. पाठीमागे झाकण वाजत नसे, पाणी ओतलं जात नसे. ती तेव्हा आतल्या खोलीत असे. आपल्या उभं राहण्याला काही अर्थ आहे हे माणसाला कळावं आणि त्याच दिवसापासून तो काढून घेतला जावा. मी मनातल्या मनात ती ओळ म्हणून पाहिली. शिपाई. मला शिपाई म्हणाली होती. पहारा करणारा. एकदा वाटलं, थट्टेने म्हणाली असेल. एकदा वाटलं, नसेल. पुडीवाल्याने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो हसला असेल का? तेराव्या मिनिटाचं हसू होतं ते पहिल्या दिवसाचं, या ओळी नंतरच्या. मग त्या पहिल्या दिवशी ती कशाला हसली? हे मला अजून माहीत नाही. तो काटा तेवढा राहिलाच आहे, आणि मी तो काढतही नाही.

तिसऱ्या दिवशी जांभळं फिकं पडलं, कडेने पिवळं झालं. फेस पांढरा झाला.

शनिवारी सकाळी रक्त देऊन आलो, दुपारी फोन आला. मी उचलला नाही. तिच्या हातात नेऊन दिला आणि कागद-पेन घेऊन शेजारी उभा राहिलो. "हो. हो. अर्धीच. रेघेवर मोडायची. हो, तेही ऐकतायत," ती म्हणाली. आणि मग फोन हाताने झाकून मला, "ते म्हणतात, तुम्हीही म्हणून दाखवा." मी तोंड वाकडं केलं आणि म्हणून दाखवलं.

पावणेसहाला मी टेबलापाशी बसलो. डबी समोर घेतली, गुलाबी गोळी बाहेर काढली, मधल्या रेघेवर नखं धरून मोडली. एक बाजू किंचित मोठी आली असं वाटलं, म्हणून चष्मा लावून दोन्ही अर्ध्या एकमेकींना लावून पाहिल्या. सारख्याच होत्या. एक परत खणात ठेवली, एक तळहातावर घेतली. पूर्ण पेला भरला. सहाला दोन मिनिटं असताना ती आली, आणि मी उभा राहून हात पुढे केला. आता हे मीच करणार, रोज, डोळ्यांदेखत, घोट उतरताना बघून, असं मी ठरवलं होतं. तीन दिवस दुसरं काही ठरवलंच नव्हतं.

तिने गोळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिडकीकडे.

"असे काय उभे आहात?"

"घे ना. सहा झाले."

"*सहाची ती बस येते, माझा शिपाई...*" तिने हलकेच सुरू केलं आणि तिथेच थांबली. नवा पडदा वाऱ्याने आत आला, बाहेर गेला. तिने माझ्या तळहातावरून अर्धी गोळी चिमटीत उचलली, पेला माझ्या हातातून घेतला.

"जा," ती म्हणाली. "खिडकीत उभे राहा. ओळ चुकते."

"अगं, पण मला बघू दे—"

"जाता का आता? बस निघून जाईल."

मी गेलो. वळण रिकामं होतं. पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि वळायचं नाही हे कोणी सांगितलं नव्हतं तरी मला ठाऊक होतं. सहा वाजून एक मिनिट झालं. मग दोन. मग बसचं तोंड दिसलं, वरची पाटी दिसली, आणि पाठीमागून ती ओळ पुन्हा पहिल्यापासून आली, या वेळी पुरी, मुभा मिळेपर्यंत. रिकामा पेला टेबलावर टेकल्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा मी वळलो.